पाण्याची वाट

मुंबईच्या धोबीतलाव चौकात, मेट्रो चित्रपटगृहासमोर, एका डॉक्टरांचा पुतळा उभा आहे. हे डॉक्टर म्हणजे गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत वैद्यकी केलेले अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी विभागात काही रुग्ण तपासताना हा साधा ताप नसून गाठीचा प्लेग आहे, हे त्यांनी प्रथम ओळखले आणि ते जाहीरपणे सांगण्याचे धैर्य दाखविले. पुढे १९०६ साली ते मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांना हा इतिहास ठाऊक आहे. मात्र त्या पुतळ्याजवळ उभे राहिल्यावर एक साधा प्रश्न मनात यावयास हवा आणि तो सहसा येत नाही. या जागेला धोबीतलाव म्हणतात, तर येथील तलाव गेला कुठे?

येथे खरोखरच तलाव होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रामजी कावसजी या पारशी सद्‌गृहस्थांनी त्यासाठी स्वतःचा पैसा खर्च केला आणि तलावाला त्यांचे नाव मिळाले. पुढे तो बुजविण्यात आला. गोवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी या मुंबईतील ठिकाणांचीही हीच कथा आहे. पायधुणी म्हणजे खाडीचा चिखल तुडवून आलेला वाटसरू शहरात शिरण्यापूर्वी पाय धूत असे ती जागा. सेंट जोसेफ चर्चमुळे आपल्या परिचयाच्या असलेल्या उमरखाडीच्या नावातही खाडी आहेच. पाणी गेले, नावे राहिली. या नावांचा माग काढीत गेले की दरवर्षी जूनमध्ये आपण विचारतो त्या प्रश्नाचे, म्हणजे 'मुंबई का तुंबते?' याचे, बरेचसे उत्तर हाती लागते.

मुंबई ही मूळची सात बेटे हे आपण शाळेतच शिकलो. त्या बेटांमधील जागेचे काय होते, हे मात्र शाळेत फारसे सांगितले जात नाही. भरतीला समुद्र आत येई व बेटांमधील सखल भूमी पाण्याखाली जाई. ओहोटीला तेथे चिखल उरे. या पाण्याची सर्वात मोठी खिंड महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये होती. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७७१ ते १७८४ या काळात, ती बांध घालून बुजविण्याचे काम हाती घेण्यात आले. हाच तो प्रसिद्ध हॉर्नबी वेलार्ड. पुढे १८०३ च्या सुमारास शीवचा बांधरस्ता झाला आणि १८४५ मध्ये लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभाई यांच्या उदार देणगीतून माहीमचा बांधरस्ता खुला झाला. त्यामुळे वांद्र्याच्या लोकांची होडीची यातायात संपली.

या कामांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र बांध समुद्राला बाहेर थोपवितो, त्याचबरोबर पावसाला आत कोंडतो. बांधामागची सखल भूमी भरतीच्या पातळीहून खालीच राहिली होती. भायखळा, कामाठीपुरा, ताडदेव या बाजूच्या या प्रदेशाला इंग्रज 'फ्लॅट्स' म्हणत. मलबार हिल, खंबाला हिल आणि पूर्वेकडील टेकड्यांवरून उतरणारे पावसाचे पाणी तेथे गोळा होई आणि ओहोटीची वाट पाहत बसे. हळूहळू ही भूमी भरून काढण्यात आली. त्यासाठी अनेक वर्षे शहरातला केरकचराच तेथे टाकण्यात आला. त्यावर रस्ते, चाळी व गिरण्या उभ्या राहिल्या. जमीन वर आली खरी, परंतु सर्वत्र सारखी नाही आणि पुरेशी तर नाहीच.

या सखल भागातून एक मोठा नाला पश्चिमेस वरळीच्या बाजूला समुद्राकडे जात असे. पावसाचे पाणी, घरांतले सांडपाणी आणि मैला या सर्वांना हीच एक वाट होती. नाल्याचा उतार अत्यल्प आणि भरतीच्या वेळी तोंड बंद. त्यामुळे घाण जागच्या जागी साचे. शहराच्या आरोग्यस्थितीविषयी अभियंता हेन्री कॉनीबेअर यांनी १८५० च्या दशकात सविस्तर लिहिले. त्यांच्याच आराखड्यानुसार १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत आले. लोकांची तहान भागली, पण आलेले पाणी वापरल्यावर बाहेर जाणार कसे, याची व्यवस्था त्याबरोबर झाली नाही. १८६५ साली नवा कायदा होऊन आर्थर क्रॉफर्ड पहिले महापालिका आयुक्त झाले. त्यांनी रस्ते, बाजार आणि सफाईची कामे धडाक्याने चालविली. मात्र जमिनीखालची कामे खर्चाच्या व मतभेदांच्या घोळात मागे पडत राहिली. १८८० च्या दशकात मैला वेगळ्या वाहिन्यांतून वरळीच्या लव्ह ग्रोव्ह येथे नेऊन उपसण्याची सोय झाली. पावसाच्या पाण्याला उतारावरच भिस्त ठेवावी लागली. आणि उतार तर नव्हताच.

अशा शहरात १८९६ चा प्लेग आला. उंदरावरील पिसवांतून हा रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. तोपर्यंत बहुतेकांचा समज होता की रोग गटारातल्या दूषित हवेतून उद्भवतो. सबब समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल ओतून गटारे धुण्यात आली, भिंतींना चुना फासण्यात आला, उजेड यावा म्हणून घरांची कौले उतरविण्यात आली, घरोघर झडत्या झाल्या. लोक घाबरले, काही महिन्यांत शहराची जवळपास निम्मी वस्ती गावोगाव निघून गेली. गिरगाव, माझगाव, वांद्रे येथील वाड्यांतून आणि गावठाणांतून आपल्या पूर्वजांनी त्या काळात जे पवित्र क्रूस उभारले, त्यांतील कित्येक आजही जागेवर आहेत व त्यांच्यापुढे जपमाळेची प्रार्थना होते. शहराच्या त्या संकटाची ही आपल्या समाजाने जपलेली खूण होय.

प्लेगची धास्ती घेऊनच १८९८ साली 'सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' ही संस्था कायद्याने स्थापन झाली. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढावयाचे आणि उत्तरेकडे नव्या वसाहती वसवावयाच्या, हे तिचे काम. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे तिचे ठळक रस्ते. आज त्यांस अनुक्रमे शामळदास गांधी मार्ग आणि सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतात. हे रस्ते पश्चिमेकडून पूर्वेकडे काढण्यामागे समुद्राची वारे दाट वस्तीत खेळावीत हा हेतू होता. दादर, माटुंगा येथील आखीव वसाहतीही याच संस्थेच्या. आज त्या भागात झाडांच्या सावलीतून चालताना तिच्या दूरदृष्टीची साक्ष पटते. मात्र ज्यांची घरे पाडली त्या गरिबांना नवी घरे त्या प्रमाणात मिळाली नाहीत. ते शेजारच्या चाळीत अधिक दाटीने राहू लागले, किंवा सखल आणि स्वस्त जागेकडे सरकले.

याच काळात मुंबईतले तलाव व विहिरी बुजविण्याला वेग आला. हिवतापाचा डास साठलेल्या पाण्यात वाढतो, हे शास्त्राने सिद्ध केले होते, डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईतील हिवतापावर अहवाल दिला व विहिरींवर बोट ठेवले. रोगाच्या दृष्टीने त्यात तथ्य होते. परंतु तलाव ही पावसाचे पाणी काही काळ थोपवून धरणारी जागाही होती, हा विचार त्या घाईत मागे पडला. रस्ता वाऱ्यासाठी रुंद केला आणि तलाव डासासाठी बुजविला. दोन्ही निर्णय लोकांच्या जिवासाठीच घेतलेले; पण पावसाच्या पाण्याचा विचार दोन्हींत दुय्यमच राहिला.

अर्थात पावसाळी गटारांची व्यवस्था झालीच नाही, असे नव्हे. ब्रिटिशकाळी बांधलेल्या विटांच्या कमानदार वाहिन्या आजही शहराखाली काम करीत आहेत. तथापि त्यांचे गणित पाहण्यासारखे आहे. तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडेल, समुद्राला ओहोटी असेल आणि पडलेल्या पाण्यापैकी निम्मे जमिनीत मुरेल, या हिशेबावर त्या आखलेल्या होत्या. एक हेक्टर जमीन घेतली तर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे अडीच लाख लिटर पाणी. त्यातले निम्मे मातीने प्यायले की गटाराच्या वाट्याला सव्वा लाख लिटर येते. तीच जमीन डांबर, काँक्रीट व फरशीने झाकली की तितक्याच पावसात गटाराकडे अडीच लाख लिटर धावते. आणि पाऊस दुप्पट झाला तर पाच लाख. म्हणजे गटार तेच, पण भार चौपट. शिवाय पाणी ज्या तोंडांतून समुद्रात पडते, ती शहर व उपनगरांतील १८६ पातमुखे पाहिली, तर त्यांपैकी ४५ समुद्राच्या सरासरी पातळीहूनही खाली आणि १३५ भरतीच्या पातळीखाली होती. भरतीची बाधा न होणारी केवळ ६.

१९८५ च्या पुरानंतर महापालिकेने या व्यवस्थेचा अभ्यास करविला. १९९३ साली 'ब्रिमस्टोवॅड' या नावाने ओळखला जाणारा अहवाल आला. त्याने सांगितले की तासाला ५० मिलिमीटर पाऊस आणि सारेच पाणी वाहून येणार असे धरून गटारे नव्याने आखावी, नाले रुंद करावे आणि समुद्रकाठी पाणी उपसणारी उदंचन केंद्रे उभारावी. खर्च त्या वेळी सहाशे कोटींच्या वर होता. एवढा पैसा जमिनीखाली कोण घालणार? अहवाल बारा वर्षे बहुतांशी कागदावरच राहिला.

मग २६ जुलै २००५ हा दिवस उगवला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वेळी कुलाब्याला अवघा ७३. दुपारी एका तासात १९० मिलिमीटर कोसळला, म्हणजे एका हेक्टरवर १९ लाख लिटर, जुन्या हिशेबाच्या पंधरापट. त्यातच समुद्राला जवळपास साडेचार मीटरची भरती होती. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी सुमारे १८ किलोमीटरची मिठी नदी काठ सोडून वाहिली. ती नदी आहे, हेच अनेकांना त्या दिवशी प्रथम कळले. विमानतळासाठी तिचा प्रवाह वळविलेला, वांद्रे-कुर्ला संकुलासाठी तिच्या मुखाजवळची दलदल भरलेली, काठांवर कारखाने आणि झोपड्या. मुंबईत चारशेहून अधिक माणसे गेली. त्या रात्री पायी चालत घरी पोचलेल्या आपल्या माणसांच्या आठवणी आजही घराघरांत निघतात.

माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००६ मध्ये अहवाल दिला व जुन्या शिफारशींना नवे बळ मिळाले. हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध अशी सहा उदंचन केंद्रे एकामागून एक उभी राहिली. मोगरा व माहुल ही दोन अडचणींत सापडून वर्षानुवर्षे रखडली. भरतीच्या वेळी समुद्राकडील दारे बंद करावयाची आणि आतले पाणी पंपाने पलीकडे फेकावयाचे, अशी ही योजना. एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी उपसतो. जुन्या मोठ्या नाल्याचे समुद्राकडचे टोक जेथे होते, त्याच लव्ह ग्रोव्हला अखेर पावसाच्या पाण्यासाठीही पंप बसले. दादर-परळ भागातील हिंदमाता म्हणजे बशीच्या तळासारखी जागा. पंप बसवूनही तेथे पाणी तुंबत राहिले, तेव्हा २०२१ नंतर दादर आणि परळ येथील मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधून भरती ओसरेपर्यंत पाणी तेथे साठविण्याची सोय करण्यात आली. यातील मर्म वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. पूर्वजांच्या काळी जे काम तलाव फुकट करीत होते, तेच आता कोट्यवधी रुपये खर्चून जमिनीखाली करावे लागत आहे. तलाव बुजविले आणि टाक्या खणल्या.

दुसरीकडे रस्त्यांची सुधारणा चालूच आहे. खड्ड्यांना कंटाळलेल्या शहराने काँक्रीटचे रस्ते मागितले व ते मोठ्या प्रमाणावर होत आहेत. चालणाऱ्याला नि गाडीवानाला त्याचा लाभ आहे, हे खरेच. पण काँक्रीट थेंबभरही पाणी पीत नाही. शिवाय प्रत्येक डांबरीकरणात रस्ता थोडा उंचावत गेला. गिरगावच्या किंवा वांद्र्याच्या जुन्या वाड्यांत जाऊन पाहावे. ज्या ओसरीवर चढण्यासाठी एके काळी पायऱ्या होत्या, तेथे आज रस्त्यावरून खाली उतरावे लागते. रस्ता सुधारला आणि पाणी आजीच्या स्वयंपाकघरात शिरले. तक्रार करावी तर रस्त्याचे खाते वेगळे, पर्जन्यजलवाहिन्यांचे वेगळे आणि मलनिःसारणाचे आणखी वेगळे.

या तुटकपणाची किंमत माणूस कशी मोजतो, हे २९ ऑगस्ट २०१७ रोजी दिसले. रस्त्यात पाणी साचले की लोक ते लवकर ओसरावे म्हणून मॅनहोलची झाकणे उघडतात. त्यांच्या मनात वाईट काही नसते. अशाच एका उघड्या मॅनहोलमध्ये, परळजवळ, गाडीतून उतरून पायी घरी निघालेले एक नामांकित डॉक्टर पडले. त्यांचा देह दोन दिवसांनी वरळीच्या किनाऱ्याजवळ मिळाला. एका डॉक्टरांनी या शहराला त्याचा रोग सांगितला, त्याला तेव्हा एकशेवीस वर्षे झाली होती. त्या घटनेनंतर मॅनहोलच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या बसविण्याचे काम सुरू झाले. आणि २६ मे २०२५ रोजी, पावसाळा लवकर दाखल झाला तेव्हा, वरळीच्या आचार्य अत्रे चौकातील नव्या कोऱ्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले.

मुंबईची ही कथा वसईच्या वाचकांस परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या वाड्यांतील बावखळे आठवावीत. पावसाचे पाणी धरणारी, आजूबाजूच्या विहिरींना गोडे पाणी पुरविणारी, केळीच्या व फुलांच्या बागा भिजविणारी ही तळी आपल्या पूर्वजांनी कोणत्याही अभियंत्याचा अहवाल न वाचता खणली होती. एकोणीसशे ऐंशीच्या दशकाअखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी आवाज उठविला, तेव्हा 'हे विकासाच्या आड येतात' असे म्हणणारे आपल्यातही होते. त्यानंतर अनेक बावखळे मातीने भरली गेली. नाल्यांवर बांधकामे झाली, मिठागरांच्या आणि खाजणांच्या कडेने इमारती उठल्या. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरार दिवसेंदिवस पाण्यात राहिले, रेल्वे बंद पडली, वीज गेली. त्यानंतर तज्ज्ञांचा अभ्यास झाला. मुंबईने ज्या चुका दोनशे वर्षांत केल्या, त्या आपण एका पिढीत केल्या, असेच म्हणावे लागेल.

बावखळ बुजविणारा प्रत्येक जण बिल्डर नव्हता, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. भावाभावांत वाटणी झाली, एकाच्या वाट्याला बावखळाचा तुकडा आला, त्याला घर बांधावयाचे होते. त्याने स्वतःच्या जमिनीत भराव घातला. कायद्याच्या किंवा नीतीच्या दृष्टीने आपण काही वावगे करीत आहोत, असे त्याला वाटलेही नाही. हॉर्नबी साहेबांनाही वाटले नव्हते, विहिरी बुजविणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्यांनाही नाही. पाणी मात्र जमिनीचा सातबारा पाहत नाही. ते एकाच्या उंच अंगणातून निघते आणि दुसऱ्याच्या सखल घरात शिरते. ते घर बहुधा अधिक गरिबाचे असते, कारण सखल जागा त्यालाच परवडते. शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा धडा आपण बालपणापासून ऐकतो. त्यात शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी येणाऱ्या पाण्याचाही विचार समाविष्ट आहे.

म्हणून शेवटी एक सूचना करावीशी वाटते. आपल्या अनेक चर्चच्या आवारांत मातीची जागा आता उरलेली नाही. सणासुदीला गाड्या लावण्यास सोय व्हावी म्हणून तेथे फरशी किंवा काँक्रीट आले आहे. एक हेक्टरच्या आवारात तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी बाहेर जाते, हे वर सांगितलेच आहे. पुढील वेळी धर्मग्राम परिषदेत आवाराच्या कामाचा विषय निघेल, तेव्हा निदान निम्मे आवार माती आणि झाडांसाठी मोकळे ठेवावे, छपराचे पाणी विहिरीकडे वळवावे आणि आवारात किंवा धर्मग्रामाच्या जमिनीत जुने बावखळ असेल तर त्यातला गाळ काढावा, असा आग्रह कोणीतरी धरावा. त्यासाठी महापालिकेच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही, आणि कोट्यवधी रुपयेही लागणार नाहीत. पहिला पाऊस पडला की पाणी कोणीकडे धावते ते छत्री घेऊन बाहेर उभे राहून पाहिले, तरी कामाची सुरुवात झालीच.